पुण्यातली व्हेंचर कॅपिटल गुंतवणूकदार संघटना: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

पुण्यातल्या गुंतवणूकदारांच्या एका विभागीय संघटनेच्या कचेरीचं काम मी बघतो. मेलवर, फोनवर आणि कार्यक्रम संपल्यावर चहा घेताना जे प्रश्न पुन्हा पुन्हा येतात, ते इथे एकत्र केले आहेत. प्रश्न शक्यतो विचारणाऱ्यांच्याच शब्दांत ठेवले आहेत. उत्तरं सर्वसाधारण माहितीची आहेत. प्रत्यक्ष व्यवहाराच्या आधी आपल्या सीएला आणि वकिलाला कागद दाखवाच.

१. ही संघटना म्हणजे नेमकं काय? तुम्ही स्टार्टअपला पैसे देता का?

नाही. संघटनेकडे गुंतवायला स्वतःचा एक रुपयाही नसतो. पैसे सदस्यांचे, आणि ते कुठे घालायचे हा निर्णयही ज्याचा त्याचा. संघटना एकत्र बसायची जागा देते, नव्या गुंतवणूकदारांना शिकवते, नियम बदलले की ते समजावून सांगते आणि सरकारपुढे किंवा सेबीपुढे (शेअर बाजाराच्या आणि फंडांच्या नियामकापुढे) या धंद्याची बाजू मांडते. कारखानदारांची, सराफांची, बिल्डरांची संघटना असते, तशीच ही.

हे पहिल्यांदा सांगायचं कारण असं की दर आठवड्याला कोणीतरी 'कर्जाचा फॉर्म' मागतं. कर्ज आणि व्हेंचर कॅपिटल यांचा संबंध नाही. इथे पैसे देणारा कंपनीत हिस्सा घेतो, त्याला हप्ता नसतो, आणि कंपनी बुडाली तर त्याचेही पैसे बुडतात.

२. देशपातळीवर संघटना असताना पुण्याला वेगळी कशाला हवी?

देशपातळीवर आयव्हीसीए ही व्हेंचर कॅपिटलवाल्यांची संघटना १९९३ पासून आहे. धोरण, करविषयक मागण्या, मोठ्या फंडांचे प्रश्न ही कामं तिथेच व्हायला हवीत. आपल्याकडे उद्योगांची बाजू मांडणारी मराठा चेंबरसारखी संस्थाही १९३४ पासून आहे. मग आम्ही का?

पुण्याचा पैसा आणि पुण्याच्या कंपन्या, दोन्हींचा पोत वेगळा आहे म्हणून. भोसरी-चाकणला तीस वर्षं मशीन शॉप चालवलेला माणूस नव्या स्पिंडलचा आवाज ऐकून सांगतो की बेअरिंग किती दिवस टिकेल. हे परीक्षण कुठल्याही सादरीकरणातून मिळत नाही. पाषाणला एनसीएलच्या (राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेच्या) आवारात व्हेंचर सेंटर २००७ पासून विज्ञानाधारित कंपन्यांना आधार देत आलं आहे. अशा कंपन्यांना पहिलं गिऱ्हाईक मिळायलाच चार वर्षं लागू शकतात. तेवढं थांबणारा, त्या विषयातलं कळणारा गुंतवणूकदार तासाभराच्या अंतरावर हवा.

या शहरातून सॉफ्टवेअरवाली पर्सिस्टंट १९९० साली उभी राहिली, डेटा सुरक्षेची ड्रुव्हा २००८ साली, लहान मुलांच्या वस्तू विकणारी फर्स्टक्राय २०१० साली, आणि फर्स्टक्राय ऑगस्ट २०२४ मध्ये शेअर बाजारात आली. अशा कंपन्यांत वाढलेले, हातात शेअरचे पैसे आलेले कितीतरी लोक बाणेर-औंधला राहतात. त्यांचा पैसा फक्त फ्लॅटमध्ये जाऊ नये असं मला मनापासून वाटतं. त्यांची आणि भोसरीच्या त्या माणसाची गाठ घालून देणं, हे विभागीय संघटनेचं खरं काम.

३. सदस्य कोण होऊ शकतं?

साधारणपणे तीन प्रकारचे लोक: सेबीकडे नोंदवलेले फंड, स्वतःच्या पैशातून गुंतवणूक करणारे एंजल, आणि उद्योजक घराण्यांची फॅमिली ऑफिसेस (घराण्याचा पैसा सांभाळणारी कार्यालयं). सीए, कंपनी सेक्रेटरी, वकील यांना सहयोगी सदस्य करून घेतात. त्यांना बहुधा मतदानाचा हक्क नसतो. फाउंडरनी सदस्य होण्याची गरज नाही, त्यांच्यासाठी प्रश्न ७ बघा.

४. तुमचं सदस्यत्व घेतलं म्हणजे सेबीची नोंदणी झाली का?

मुळीच नाही. हा गैरसमज महाग पडतो, म्हणून जरा सविस्तर.

व्हेंचर कॅपिटल फंडांसाठी सेबीचे पहिले नियम १९९६ चे. त्यांची जागा २०१२ च्या एआयएफ (पर्यायी गुंतवणूक निधी) नियमांनी घेतली. लोकांकडून पैसे गोळा करून ते ठरलेल्या धोरणाप्रमाणे गुंतवायचे असतील तर या नियमांखाली नोंदणी लागते. व्हेंचर कॅपिटल फंड पहिल्या वर्गात येतात. एका योजनेत किमान २० कोटींचा निधी, प्रत्येक गुंतवणूकदाराकडून किमान १ कोटी, आणि गुंतवणूकदार जास्तीत जास्त १,०००. फंड चालवणाऱ्यालाही निधीच्या अडीच टक्के किंवा ५ कोटी, यातली कमी असेल ती रक्कम पदरची घालावी लागते. माझ्या मते या नियमातली ही सगळ्यात शहाणी अट आहे. शिवाय एकाच कंपनीत फंडाच्या गुंतवण्याजोग्या रकमेच्या २५ टक्क्यांहून जास्त घालता येत नाही.

संघटनेचं सदस्यत्व यातल्या कशाचीही जागा घेत नाही. कोणी तुमच्यापुढे आमचं सदस्यत्व 'परवाना' म्हणून ठेवलं तर सेबीच्या संकेतस्थळावर नोंदणी क्रमांक तपासा आणि आम्हालाही कळवा.

५. फंडवाले 'दोन आणि वीस' म्हणतात ते काय?

वर्षाला सुमारे दोन टक्के व्यवस्थापन शुल्क, आणि नफ्यातला वीस टक्के वाटा. आपल्याकडे बहुतेक फंड आधी ठरावीक परतावा, बरेचदा आठ टक्के, गुंतवणूकदाराला देतात आणि मगच आपला वाटा घेतात. एक कोटी घातले आणि आठ वर्षं पूर्ण रकमेवर दोन टक्के गेले, तर शुल्कच सोळा लाख होतं, वर जीएसटी. शुल्क घातलेल्या रकमेवर की कबूल केलेल्या रकमेवर, हे सही करण्याआधी विचारा.

६. मी नुकताच निवृत्त झालो आहे. तीस लाख आहेत. मुलगा म्हणतो स्टार्टअपमध्ये घाला. घालू का?

हा प्रश्न घेऊन एक काका कचेरीत आले होते, एफडीच्या पावत्या प्लॅस्टिकच्या पिशवीत नीट घडी घालून. पावत्यांवर पत्नीचंही नाव होतं. मी त्यांना जे सांगितलं तेच इथे लिहितो.

ज्या पैशावर घर चालतं, औषधपाणी चालतं, तो पैसा इथे आणायचा नाही. दहा कंपन्यांत घातले तर त्यातल्या बऱ्याच कंपन्यांतून काहीच परत येत नाही. जे काही मिळतं ते एखाद-दुसऱ्या कंपनीतून, आणि तेही सात-आठ वर्षांनी. मधल्या काळात पैसे काढून घ्यायची सोय नसते. खासगी कंपनीचा शेअर विकायला बाजार नाही. गिऱ्हाईक शोधावं लागतं आणि मिळेलच असं नाही.

नियमही तुम्हाला थोडं अडवतात, आणि ते बरंच आहे. फंडाची किमान रक्कम १ कोटी आहे. एंजल फंडांचे (एंजल लोकांचे पैसे एकत्र करणाऱ्या फंडांचे) नियम सेबीने सप्टेंबर २०२५ मध्ये बदलले. ते दार आता अ‍ॅक्रेडिटेड गुंतवणूकदारांपुरतं ठेवायचं ठरलं आणि चालू फंडांना बदलासाठी मुदत दिली गेली. अ‍ॅक्रेडिटेड म्हणजे, व्यक्ती असेल तर, वार्षिक उत्पन्न २ कोटी. किंवा मालमत्ता साडेसात कोटी आणि त्यातली निम्मी आर्थिक स्वरूपाची. किंवा उत्पन्न १ कोटी आणि मालमत्ता ५ कोटी, तीही निम्मी आर्थिक.

थेट कंपनीत घालायला असं बंधन नाही, आणि धोका नेमका तिथेच आहे. इच्छाच असेल तर एकूण पुंजीच्या एवढ्या लहान भागाने सुरुवात करा, की तो सगळा गेला तरी घरात कोणाला रात्री जाग राहायला नको. काकांनी शेवटी काही घातलं नाही. पण ते आमच्या कार्यशाळांना येतात, आणि बँकेतला चाळीस वर्षांचा अनुभव वापरून पोरांचे ताळेबंद तपासून देतात. त्या पोरांना त्यांच्या तीस लाखांपेक्षा याचा उपयोग जास्त झाला आहे.

७. मी फाउंडर आहे. तुमच्याकडे पिच पाठवला तर काय होतं?

पिच, म्हणजे गुंतवणूकदारांसाठी केलेली कंपनीची मांडणी, छाननी समिती वाचते, योग्य वाटला तर इच्छुक सदस्यांपुढे ठेवते. पुढचं बोलणं थेट तुमच्यात आणि त्यांच्यात. आमच्याकडून 'निवड झाली' असं कळलं तर त्याचा अर्थ वीस मिनिटं ऐकून घेणार एवढाच, गुंतवणूक पक्की असा नाही. गोपनीयतेच्या करारावर सही मागू नका, या टप्प्यावर बहुधा कोणी करत नाही. म्हणूनच सूत्र, ड्रॉइंग, सोर्स कोड पाठवू नका. कंपनी काय विकते, कोणाला विकते आणि आत्तापर्यंत किती विकलं, एवढं दहा पानांत येतं.

८. एक जण म्हणतो, 'गुंतवणूक मिळवून देतो, आधी दीड लाख द्या.' द्यावे का?

नाही. संघटना असे पैसे घेत नाही आणि आमच्या नावावर कोणी घेत असेल तर तो आमचा नाही. नोंदणीकृत मर्चंट बँकर किंवा सल्लागार लेखी कराराने काम करतात, ते वेगळं. पण आगाऊ रक्कम, वर 'फंडवाले माझ्या शब्दाबाहेर नाहीत' अशी भाषा, हे ऐकलं की उठावं. एजंटांबद्दल कायदा काय म्हणतो ते प्रश्न १० मध्ये आहे.

९. टर्मशीट आली आहे. मूल्यांकन चांगलं आहे, सही करू का?

टर्मशीट म्हणजे गुंतवणुकीच्या अटींचा प्राथमिक कागद. त्यात मूल्यांकनाचा, म्हणजे कंपनीच्या ठरवलेल्या किमतीचा, आकडा सगळ्यात मोठ्या अक्षरात असतो. घोडं अडतं ते बारीक अक्षरांत.

चिंचवडच्या दोघा मैत्रिणींनी आणलेली टर्मशीट आम्ही टेबलावर ठेवून आकडे मांडले होते. पाच कोटी घेऊन वीस टक्के हिस्सा द्यायचा होता, म्हणजे पैसे आल्यानंतरचं मूल्यांकन पंचवीस कोटी. दोघी खूश होत्या. तिसऱ्या पानावर लिक्विडेशन प्रेफरन्सचं, म्हणजे कंपनी विकल्यावर आधी कोणाला किती मिळणार याचं, कलम होतं: दोनपट, आणि वर पार्टिसिपेटिंग. म्हणजे कंपनी विकली गेली तर गुंतवणूकदार आधी पाचाचे दहा कोटी घेणार, आणि उरलेल्यातही वीस टक्के घेणार.

समजा कंपनी ३० कोटींना विकली गेली. साधं एकपट, नॉन-पार्टिसिपेटिंग कलम असतं तर गुंतवणूकदार पाच कोटी किंवा वीस टक्के, यातलं जास्त ते घेतो, म्हणजे सहा कोटी, बाकीच्यांना चोवीस. या कलमाप्रमाणे दहा आणि उरलेल्या विसातले चार, एकूण चौदा, बाकीच्यांना सोळा. आता समजा धंदा फार चालला नाही आणि कंपनी १२ कोटींना गेली. साध्या कलमात पाच आणि सात. या कलमात दहा कोटी चाळीस लाख आणि एक कोटी साठ लाख. पाच-सहा वर्षं राबून दोघींना, त्यांच्या कर्मचाऱ्यांना आणि पहिल्या एंजलना मिळून एक कोटी साठ लाख. हा आकडा वहीत लिहिल्यावर खोलीत बराच वेळ कोणी बोललं नाही.

कलम बेकायदा नाही. बाजारात पैसा आटला की ते जास्त दिसतं. पण आपल्या सदस्यांना आम्ही स्पष्ट सांगतो की पहिल्या राउंडला (गुंतवणुकीच्या फेरीला) एकपट, नॉन-पार्टिसिपेटिंग यापलीकडे मागू नका. फाउंडरला पुढे काही उरणार नसेल तर त्याचं मन कंपनीत राहत नाही, आणि मग तुमचंही काही उरत नाही. मैत्रिणींनी बोलून ते कलम एकपटीवर आणलं, बदल्यात मूल्यांकन थोडं कमी घेतलं. माझ्या दृष्टीने सौदा चांगला झाला.

तीच नजर अँटी-डायल्यूशन (पुढे कमी भावाने शेअर दिले तर जुन्या गुंतवणूकदाराला मिळणारं संरक्षण), संचालक मंडळातली जागा, फाउंडरच्या शेअरचं व्हेस्टिंग (ते टप्प्याटप्प्याने पक्के होणं) आणि 'यांच्या संमतीशिवाय करायचं नाही' अशा गोष्टींच्या यादीवर ठेवा. त्या यादीत लॅपटॉपची खरेदी येत असेल तर ती छाटून घ्या.

१०. राउंड चालू आहे, हे सोसायटीच्या आणि कॉलेजच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर टाकलं तर चालेल ना?

नाही. कंपनी कायदा २०१३ च्या कलम ४२ प्रमाणे प्रायव्हेट प्लेसमेंटची (निवडक लोकांना खासगीत शेअर देण्याची) जाहिरात करता येत नाही. कुठलंही माध्यम किंवा एजंट वापरून सर्वसामान्य लोकांना कळवताही येत नाही. ऑफर ठरावीक माणसांना नावानिशी द्यायची, आर्थिक वर्षात जास्तीत जास्त २०० जणांना. पैसे बँकेमार्फतच आणि वेगळ्या खात्यात घ्यायचे, ६० दिवसांत शेअर द्यायचे, आणि दिल्यापासून १५ दिवसांत त्याचं विवरणपत्र भरायचं. शेअर दिले नाहीत तर पुढच्या १५ दिवसांत पैसे परत. ते चुकलं तर १२ टक्के व्याज. नियम मोडला तर दंड गोळा केलेल्या रकमेएवढा किंवा २ कोटी, यातलं कमी ते, आणि लोकांचे पैसे परत करावे लागतात ते वेगळेच.

'आम्ही काय करतो' हे ग्रुपवर सांगायला हरकत नाही. 'या भावाने शेअर घ्या' म्हटलं की रेषा ओलांडली.

११. आम्ही पंधरा मित्र आहोत. प्रत्येकी दोन लाख एकाच्या खात्यात जमा करून त्याच्या नावावर शेअर घेतले तर?

हा प्रश्न आयटीतल्या मित्रमंडळींकडून फार येतो, आणि हेतू चांगलाच असतो. पण यात दोन अडचणी आहेत. एक, बऱ्याच जणांचे पैसे एकत्र करून एकाने गुंतवत राहणं हे नोंदणीशिवाय फंड चालवल्यासारखं ठरू शकतं (प्रश्न ४). दोन, शेअर एकाच्या नावावर आणि मालकी दुसऱ्यांची असेल तर कंपनी कायद्याच्या कलम ८९ प्रमाणे दोघांनीही तसं कंपनीला लेखी जाहीर करावं लागतं. ते होत नाही, मग तो एक मित्र परदेशी जातो किंवा भांडण होतं, आणि बाकीच्या चौदांच्या हातात फक्त यूपीआयचे स्क्रीनशॉट राहतात.

सरळ वाट म्हणजे प्रत्येकाने स्वतःच्या खात्यातून, स्वतःच्या नावावर शेअर घ्यायचे, आणि मतदानासाठी एकाला लेखी अधिकार द्यायचे. कॅप टेबल (कोणाचा किती हिस्सा, याची यादी) लांबते म्हणून फाउंडर कुरकुर करतील, करू द्या. खासगी कंपनीत २०० पर्यंत सभासद चालतात.

१२. एंजल टॅक्स अजून भरावा लागतो का?

नाही. वाजवी किमतीहून जास्त भावाने शेअर दिले तर वरच्या रकमेवर कंपनीला कर लावणारी, २०१२ साली आलेली ती तरतूद २०२४ च्या अर्थसंकल्पात रद्द झाली, आकारणी वर्ष २०२५-२६ पासून. आधीच्या वर्षांच्या नोटिसा मात्र आपोआप मिटत नाहीत. त्यांना मुदतीत उत्तर द्या. आणि कर गेला म्हणून मूल्यांकनाचा अहवाल गेला असं नाही, कंपनी कायद्याखाली तो लागतोच.

१३. शेअर डिमॅटमध्येच घ्यायचे का?

कायद्यातल्या 'लहान कंपनी'च्या (भांडवल आणि उलाढाल ठरावीक मर्यादेत असलेल्या कंपनीच्या) व्याख्येत न बसणाऱ्या खासगी कंपन्यांना हो, बंधनकारक आहे. इतरांनीही करून टाकावं. नव्या शेअरवर ०.००५ टक्के मुद्रांक शुल्क असतं, तेही विसरू नका.

१४. अमेरिकेतला भाऊ पाच लाख घालतो म्हणतो. त्यात काय एवढं?

रक्कम लहान, कागद मोठे. अनिवासी भारतीयाने पैसे पुन्हा परदेशी न नेण्याच्या तत्त्वावर घातले तर ती गुंतवणूक देशी धरली जाते आणि काम सोपं होतं. परत नेण्याचा हक्क ठेवायचा असेल तर शेअर दिल्यापासून ३० दिवसांत रिझर्व्ह बँकेच्या पोर्टलवर एफसी-जीपीआर हा परदेशी गुंतवणुकीचा फॉर्म भरावा लागतो, आणि भाव प्रमाणित मूल्यांकनाहून कमी ठेवता येत नाही. पैसे आल्यापासून ६० दिवसांची मर्यादा इथेही आहे. भावाला आधी हेच विचारा: कोणत्या खात्यातून पाठवणार? एनआरओ (भारतातल्या कमाईचं खातं) की एनआरई (परदेशातून पाठवलेल्या पैशाचं खातं)? निम्मा गोंधळ तिथेच सुटतो.

भारताच्या सीमेला लागून असलेल्या देशांतून येणाऱ्या पैशावर एप्रिल २०२० पासून सरकारी परवानगीची अट आली. फंड तिसऱ्या देशातला असला तरी त्यामागचा मालक कोण हे तपासावं लागतं. असा पैसा दिसला तर वकिलाशिवाय पुढे जाऊ नका.

१५. सदस्य एकत्र बसतातच, तर 'सीडला (अगदी सुरुवातीच्या गुंतवणुकीला) अमुक कोटींच्या वर कोणी जायचं नाही' असं ठरवून टाका ना.

नाही, आणि असं बोलणं बैठकीत सुरू झालं तर मी बैठक थांबवतो. स्पर्धा कायदा २००२ चं कलम ३ संघटनांनी घेतलेल्या निर्णयांनाही लागू आहे. एकमेकांशी स्पर्धा करणाऱ्यांनी भाव ठरवणं, गिऱ्हाईक वाटून घेणं, एखाद्याला वाळीत टाकणं, यात संघटनाही दोषी ठरते आणि तिचे पदाधिकारीही.

दोन-तीन सदस्यांनी एकाच कंपनीच्या एका राउंडमध्ये मिळून पैसे घालणं यात येत नाही. ते नेहमीचंच आहे. झालेल्या व्यवहारांची नावं काढून काढलेली सरासरीही सांगता येते. पुढच्या सौद्यांबद्दल सगळ्यांनी मिळून ठरवणं, तेवढं बंद.

१६. छाननी समितीतल्या माणसानेच माझ्या प्रतिस्पर्ध्यात पैसे घातले आहेत. मग?

आम्हाला लगेच कळवा. समितीवरच्याने आपले हितसंबंध आधी सांगायचे आणि त्या पिचच्या वेळी बाहेर बसायचं, असा आमचा नियम आहे. पण आपल्या शहरात एकमेकांना ओळखणारे फार, त्यामुळे एखादी गोष्ट नजरेतून सुटू शकते. पाठवण्याआधी स्पर्धक कंपन्यांची नावं मेलमध्ये लिहिलीत तर आमचं काम सोपं होतं.

१७. सदस्याने सही करूनही पैसे दिले नाहीत. तुम्ही काय कराल?

दोन्ही बाजू ऐकतो, आणि गैरवर्तन दिसलं तर सदस्यत्व काढून घेतो. पैसे वसूल करून देण्याचा अधिकार आमच्याकडे नाही. टर्मशीट बहुतांशी बंधनकारक नसते. गुंतवणुकीचा करार मात्र असतो, आणि त्यात बहुधा लवादाचं कलम असतं. दाद तिथे मागायची. नोंदणीकृत फंडाविरुद्ध त्याच्या गुंतवणूकदाराची तक्रार असेल तर सेबीचं स्कोअर्स पोर्टल आहे. खात्यात पैसे येईपर्यंत नवी माणसं नेमू नका, एवढं मी प्रत्येक फाउंडरला हात जोडून सांगतो.

१८. आम्हाला कोल्हापुरात अशी संघटना काढायची आहे. सुरुवात कशी करावी?

जरूर काढा, इचलकरंजी आणि शिरोली तुमच्या हाताशी आहेत. दोन वाटा आहेत. एक, १८६० च्या कायद्याखाली सोसायटी: किमान सात सदस्य, आणि महाराष्ट्रात सहसा धर्मादाय आयुक्तांकडेही नोंदणी होते. दुसरी, कंपनी कायद्याच्या कलम ८ खालची कंपनी, जिचा नफा सदस्यांत वाटता येत नाही. सोसायटी काढायला स्वस्त, पण दर निवडणुकीनंतर पदाधिकारी बदलल्याचा चेंज रिपोर्ट द्यावा लागतो आणि तो राहिला की वाद वर्षानुवर्षं लोंबकळतो. कलम ८ च्या कंपनीला दरवर्षीची विवरणपत्रं जास्त, पण कोण संचालक आहे यावर सहसा वाद होत नाही. फंड सदस्य करून घ्यायचे असतील तर मी कंपनी सुचवेन.

पहिल्या वर्षी पिचचे कार्यक्रम घेऊ नका. आधी दहा-बारा गुंतवणूकदार महिन्यातून एकदा बसवा आणि एक जुनी टर्मशीट, नावं झाकून, ओळीओळीने वाचा. प्रश्न ९ मधलं गणित प्रत्येकाला स्वतःच्या हाताने करायला लावा. आमच्या नियमावलीची प्रत हवी असेल तर मेल करा, हितसंबंधांच्या जाहीरनाम्याचा नमुनाही सोबत पाठवतो.